ताई, तुम्ही तो शब्द खोडलात

ताई, नमस्कार.

आबा तुम्हाला मॅडम म्हणतात, आई ताई म्हणते. मी आईचं घेतलं.

तुमची बदली झाल्याचं परवा गावात कळलं, आणि त्याच दिवशी आबांच्या मोबाइलवर दुष्काळी अनुदान जमा झाल्याचा मेसेज आला. साडेतीन एकराचे ११,९०० रुपये. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० चा हिशेब. त्यात बी-खताचाही खर्च निघत नाही, हे तुम्हा कृषी सहायकाला मी काय सांगावं! पैशांचे आभार सरकारचे मानू. तुमचे मानायचे ते वेगळ्याच गोष्टीचे.

२०२३ च्या नवरात्राच्या तोंडावर तुम्ही आमच्या शिवारात आलात. दुष्काळाच्या तपासणीसाठी दहा टक्के गावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात, त्यात आमचं निघालं होतं. मी सुटीवर आलेलो. खरं सांगतो, तुमची स्कूटी बांधाला लागली तेव्हा मी आबांना म्हटलं, पाच मिनिटांत जातील. तुम्ही सोयाबीनच्या मधोमध जाऊन उकिडव्या बसलात. इथलं एक, तिथलं एक झाड उपटलं, शेंग नखाने सोलली. आत दाणा ज्वारीएवढा, तोही सुरकुतलेला. भेगेत पेन घालून पाहिलंत, ते टोपणापर्यंत आत गेलं.

लिहून झालं तसा आबांनी सवयीने सहीसाठी हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "थांबा काका, आधी वाचते."

गट नंबर, पीक, पेरणी. 'पिकाची वाढ खुंटली आहे' इथे आबा अडले. "वाढ नाही खुंटली मॅडम, झाड गुडघ्याच्या वर आहे. शेंगाच भरल्या नाहीत. खुंटली लिहिलं तर वरचा साहेब म्हणेल, फोटोत तर झाड बरं दिसतंय."

मला वाटलं, आता वैतागणार. ऊन मी म्हणत होतं, तुमची अजून चार शेतं राहिली होती. तुम्ही तो शब्द खोडलात, वर 'शेंगा भरलेल्या नाहीत' लिहिलंत, बाजूला स्वतःची सही केलीत, आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलात. मग आबांनी सही केली.

तुम्हाला हे कदाचित आठवणारही नाही. आमच्या घरात त्याचं एवढं का, ते सांगतो. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. १२० झाडं. पंचनाम्याला एक साहेब आले ते पारावरच बसले, चहा घेतला, कोऱ्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि निघून गेले. यादी लागली तेव्हा आमच्या नावापुढे झाडं २०. पुढचा एकाचा आकडा वाटेत कुठे सांडला, कुणास ठाऊक. आबा विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "सही तुमचीच आहे ना?" त्या वर्षी बागेचं सरपण झालं आणि आबा पुन्हा कुठल्या कचेरीत काही विचारायला गेले नाहीत.

२०२३ चा ऑगस्ट तर तुम्ही आमच्यासोबतच काढलात. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, हे नंतर पेपरात वाचलं. आम्हाला ते 'न पडतील मघा तर वरतीच बघा' एवढंच कळत होतं. पर्जन्यमापक यंत्र महसूल मंडळाच्या गावी, आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. तिथे अडीच मिलिमीटर भुरभुरला की तो पावसाचा दिवस, मग आमच्या मातीवर थेंब पडो न पडो. यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला आमचं शेत दिसत नाही. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, जिल्ह्यातले पाच, त्यात आमचा. तुमच्या त्या एका ओळीने तालुका दुष्काळाच्या यादीत बसला असं मी म्हणणार नाही. पण माणूस शेतात उतरून बघतो, विचारतो, आणि चुकलं तर खोडतो, हे आबांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. सरकारी नोकरांना आम्ही सरसकट शिव्या घालतो, मीही घालतो. तुमच्यासारखे असतात, ते कामाला लागलेले असतात म्हणून पारावर दिसत नाहीत, एवढंच.

आई म्हणते, जाण्याआधी एकदा जेवायला या. टँकर एक दिवसाआड येतो, तुमच्यापुरतं पाणी आहे.

आणि आबांचं सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात सोसायटीत कर्ज नवं-जुनं करायला गेले होते. सचिवांनी बोट ठेवून दाखवलं, इथे सही करा. आबा म्हणाले, "आधी वाचून दाखवा." सचिवांनी कपाळाला आठ्या घातल्या, मागची रांग कुरकुरली. आबा पेन बंद करून बसून राहिले. शेवटी वाचलं त्यांनी, तीनही पानं.

तुमचा,
आबांचा थोरला