गॅस महिनाभर पुरतो? आधी फर्नेस लावून बघा!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी) भाड्याने घेऊन फिरण्यावर लेख आला होता. लेख मस्तच, फोटो तर एक नंबर, पण मधेच एक वाक्य आहे की गॅसचं टेन्शन घेऊ नका, एकदा भरला की महिनाभर बघायला नको. त्या वाक्यासाठी हे पत्र. मे-जूनमध्ये इकडे अमेरिकेत मुलांकडे येणारे कितीतरी आईबाबा तुमचा पेपर वाचतात आणि त्यातले बरेच जण यलोस्टोन नॅशनल पार्कला आरव्हीने जायचा प्लॅन करतात, त्यांना रात्री तीनला स्वेटरवर स्वेटर चढवून बसायची वेळ येऊ नये म्हणून.

महिन्याचा हिशोब कुठून येतो ते कळतं. आपल्या डोक्यात घरचा लाल सिलेंडर असतो, १४.२ किलोचा. चौघांच्या घरात तो महिना-दीड महिना जातो. आता इकडच्या ट्रेलरला (गाडीमागे जोडून ओढायच्या आरव्हीला) पुढे जे दोन सिलेंडर लावलेले असतात ते बहुतेक ३० पाउंडचे, म्हणजे १३.६ किलो, जवळजवळ तेवढाच गॅस. मग माणूस म्हणणारच की दोन सिलेंडर म्हणजे दोन महिने. आणि नुसता स्वयंपाक केलात तर खरंच जातील हो, दोन सोडा तीन महिनेही जातील. कुकर, पोळ्या, तीन वेळा चहा, सगळं धरून दिवसाला गॅलनचा (गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर) पाव भाग पण लागत नाही धड.

पण आरव्हीत गॅसवर शेगडी एकटी नसते ना! फ्रीज गॅसवर, गिझर गॅसवर, आणि सगळ्यात मोठा खादाड म्हणजे फर्नेस, गाडी गरम ठेवणारा हीटर. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

आकडे सांगतो, कंटाळू नका. इकडच्या सिलेंडरमध्ये प्रोपेन गॅस असतो, त्याच्या एका गॅलनमध्ये साधारण ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं इकडचं एकक) उष्णता असते. ३० पाउंडच्या सिलेंडरमध्ये सात गॅलन, म्हणजे सहा लाख चाळीस हजार बीटीयूच्या आसपास. आरव्हीतला मधल्या साइझचा फर्नेस तासाला ३०,००० बीटीयू खातो. भागाकार करा, सलग चालला तर अख्खा सिलेंडर २१ तासांत खलास. अर्थात तो सलग चालत नाही, थर्मोस्टॅट त्याला बंद-चालू करत राहतो, पण बाहेर शून्याच्या आसपास असेल तर रात्रीच्या दहा तासांतले पाच तास तरी तो चालतोच, म्हणजे एका रात्रीत दीड गॅलनहून जास्त गेला. त्यात फ्रीज, गिझर, स्वयंपाक मिळून दिवसाला अर्धा-पाऊण गॅलन धरा. दोन्ही सिलेंडर भरलेले असले तरी सहा-सात दिवस. तेच उन्हाळ्यात फर्नेस बंद असेल तर तीन आठवडे आरामात. म्हणजे "किती दिवस पुरतो" याचं उत्तर रात्री पारा कुठे जातो त्यावर आहे, सिलेंडरवर नाही.

आता कोणी म्हणेल जूनमध्ये कसली आलीये थंडी. यलोस्टोन लेक साडेसात हजार फुटांच्याही वर आहे साहेब, तिथे जूनमध्ये सुद्धा रात्री पारा शून्याला टेकतो. आणि पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंडपैकी फक्त फिशिंग ब्रिजला वीज-पाण्याचा हुकअप, म्हणजे गाडीला जोडणी, मिळतो, बाकी सगळीकडे तुमचं तुम्ही. हुकअप असेल तर छोटा इलेक्ट्रिक हीटर लावा, फ्रीज विजेवर टाका, गॅस जवळपास जागचा हलत नाही. भाड्याच्या नव्या गाड्यांमध्ये तर हल्ली बॅटरीवर चालणारा फ्रीज असतो, तो गॅस खातच नाही, तेव्हा गाडी घेताना हे विचारून घ्या.

बॅटरीवरून आठवलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फर्नेसची आग गॅसची पण पंखा बॅटरीचा. रात्रभर पंखा घरघरत राहिला की पहाटे बॅटरी बसते आणि फर्नेस गप्प होतो. सगळे म्हणतात गॅस संपला, गॅस संपला, आणि बाहेर सिलेंडर अर्धा भरलेला! तेव्हा झोपताना थर्मोस्टॅट १५-१६ डिग्री सेल्सिअसवर आणा, पांघरुणं जास्त घ्या, गॅस पण वाचतो आणि बॅटरी पण. शेगडी पेटवून गाडी गरम करायचा उद्योग मात्र कृपा करून करू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला वासही नसतो.

माझ्या एका काकांचा प्रश्न होता की थंडीत गॅस गोठत नाही का रे. नाही काका. आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो, तो शून्याच्या आसपासच वाफ व्हायचा थांबतो. इकडे जवळजवळ सगळा प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत वाफ होतो. यलोस्टोनची थंडी त्याच्या खिजगणतीतही नाही.

किती उरलाय ते कसं बघायचं हेही लेखात हवं होतं. प्रेशर गेजवर जाऊ नका, प्रेशर तापमानाप्रमाणे बदलतं, टाकीत थोडाच उरला असला तरी दुपारच्या उन्हात काटा वरच दिसतो. सोपी पद्धत म्हणजे तांब्याभर गरम पाणी सिलेंडरच्या बाजूवरून ओता आणि वरून खाली हात फिरवत या, जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथपर्यंत गॅस आहे. नाहीतर वजन करा, रिकाम्या सिलेंडरचं वजन कॉलरवर ठोकलेलं असतं, आपल्याकडे असतं तसंच. दोन सिलेंडरच्या मधे जो ऑटोमॅटिक रेग्युलेटर असतो त्याची छोटी खिडकी लाल झाली की पहिला संपून दुसरा चालू झालाय. भरून आणायचा तो त्याच दिवशी, दुसरा संपायची वाट बघत बसायचं नाही.

मोठ्या मोटरहोममध्ये टाकी गाडीलाच बसवलेली असते, ती काढून नेता येत नाही, अख्खी गाडी पंपावर न्यावी लागते. आणि काटा ८० टक्क्यांवर असला तर तीच फुल टाकी, गॅस फुगायला जागा ठेवावीच लागते. उगाच पंपवाल्याशी हुज्जत घालू नका.

एक मात्र खरंच डोक्यात जातं. दुकानांबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात सिलेंडर बदलून मिळतात ना, ते २० पाउंडचे म्हणून घेतो आपण आणि आत बरेचदा १५ पाउंडच भरलेला असतो. तसं लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावून पण दिसत नाही. त्यापेक्षा पंपावर मोजून भरून घ्या, आधीचा उरलेला गॅसही फुकट जात नाही.

गाडी ताब्यात घेताना काउंटरवरचा माणूस पण "भरपूर आहे, ट्रिपभर पुरेल" असंच सांगतो, मला तर हेच सांगितलं होतं. त्याला तीनच गोष्टी विचारा: टाकी किती गॅलनची, फर्नेस किती बीटीयूचा आणि फ्रीज कशावर चालतो. उरलेला भागाकार फोनवर करता येतो. पुढच्या पुरवणीत एवढी चौकट छापलीत तरी पुष्कळ झालं, सुट्टीची बुकिंग आत्ताच चालू आहेत.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर (कोलोरॅडो)