ढगात शिरण्याआधी

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री वाचला. तू सहवैमानिक, दरीच्या तोंडाशी ढग खाली उतरलेला, कॅप्टन म्हणाले "जरा पुढे जाऊन बघू", तुला ते पटत नव्हतं, तरी तू बोलली नाहीस. पुढे मोकळं मिळालं, सुखरूप उतरलात. आई समोर बसली होती म्हणून मी फोनवर विषय काढला नाही. पण मला त्यावर बोलायचं आहे.

मी विमान चालवलेलं नाही. माझी नोकरी गेली ती आपल्या ग्वाल्हेरच्या वेधशाळेत फुगे सोडण्यात. पहाटेच्या वेधासाठी हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून त्याचा माग काढायचा. खाली कडुनिंबाचं पान हललेलं नसे, पण वर काही शे मीटरवर फुगा एकदम पूर्वेला ओढला जाई, आणखी वर गेला की भलतीकडेच. फुगा ठरावीक वेगाने चढतो, त्यामुळे तो कितव्या मिनिटाला दिसेनासा झाला यावरून ढगाचा तळ काढता येतो. तो क्षण पकडणं मात्र फार अवघड. आधी फुग्याचा रंग फिका पडायचा, मग कड पुसट व्हायची, अजून दिसतोय असं वाटेपर्यंत तो गेलेला असायचा. ढगाला उंबरा नसतो, रेवा. "ढग आला की ठरवू" म्हणणाऱ्याला तो कधी आला हेच कळत नाही.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारखी स्थिती करून दिली. विसांच्याही हातून विमानाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कान सांगतो सरळ चाललोय, आणि विमान वळत वळत खाली जात असतं. तू म्हणशील, बाबा, मला इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, म्हणजे उपकरणांवर उडायचा परवाना. आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण उपकरणं पंख समतल ठेवतात, डोंगर बाजूला सारत नाहीत. ३ जून २०१९ ला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं वायुसेनेचं एएन-३२ आठ दिवसांनी सुमारे १२,००० फुटांवर सापडलं, तेराही जण गेले. १९४२ ते १९४५ मध्ये आसामातून चीनला रसद नेणाऱ्या 'हंप'च्या, म्हणजे हिमालयाच्या पूर्व टोकावरून जाणाऱ्या, हवाई वाटेवर तर शेकडो विमानं पडली. तू रोज त्याच डोंगरांकडे तोंड करून उडतेस.

तुमच्या विमानाची केबिन प्रेशराइज्ड नाही, उंचावर आत हवेचा दाब राखला जात नाही, म्हणजे खराब हवेच्या वरून निघून जायची सोय नाही. डोंगरांच्या मधूनच जायचं. म्हणून काल कागद घेऊन हिशेब मांडला. १२० नॉट (ताशी सुमारे २२० किलोमीटर) वेग आणि ३० अंश झुकून उलट फिरायचं तर साधारण १,३५० मीटर रुंदी लागते, तीही वारा नसताना. दहा हजार फुटांवर हवा विरळ, काटा १२० दाखवत असला तरी खरा वेग १४० च्या जवळ असतो, आणि तेच वळण १,८०० मीटरवर जातं. दरीच्या मधोमध उडालात तर निम्मीच रुंदी हाताशी राहते, म्हणून एका कडेने जायचं. आणि दरी वर रुंद असते, खाली अरुंद. ढगाने जितकं खाली दाबलं तितकी फिरायची जागा कमी झाली. थोडं खालून जाऊन बघू, हे म्हणणं मला म्हणूनच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

डोंगरधारेवर आडवा वारा जोराचा असेल तेव्हा पलीकडची हवा खाली कोसळते, कधी विमानाच्या चढण्याच्या ताकदीहून जास्त. धार ४५ अंशांनी ओलांडायची, म्हणजे परत वळता येतं, हे तुम्हाला शिकवलेलंच आहे. मी एवढंच सांगेन, डोंगरामागे जागचा न हलणारा, गुळगुळीत ढग दिसला तर वारा पडलाय असं समजू नकोस. वारा त्याच्या आतून धावत असतो.

आता त्या दिवसाचं. कॅप्टन डाव्या, म्हणजे मुख्य वैमानिकाच्या सीटवर, वयाने आणि उड्डाणाच्या तासांनी मोठे. घरात मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपल्याकडचं वळण चांगलंच आहे, पण कॉकपिटमध्ये ते कामाचं नाही. लहान तोंडी मोठा घास होईल म्हणून गप्प बसू नकोस. "सर, मला पुढचं दिसत नाही, परत फिरू या." एवढं बोल, आवाज कापला तरी चालेल. नाही ऐकलं तर पुन्हा, आकडा देऊन: ढगाचा तळ इतका, समोरची धार इतकी. त्याहून बरं म्हणजे निघण्याआधी चहा घेतानाच विचारून ठेव, "सर, आज कुठपर्यंत काय दिसलं नाही तर फिरायचं?" जमिनीवर माणूस शांतपणे उत्तर देतो. वर गेल्यावर तुला फक्त त्यांच्याच शब्दाची आठवण करून द्यायची असते.

जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीत धुक्यात उतरताना भाड्याने घेतलेल्या तुपोलेव्ह प्रवासी विमानाला अपघात झाला. एकही प्रवासी दगावला नाही, तरी विमान वाहतूक मंत्री असलेल्या माधवराव शिंद्यांनी राजीनामा दिला. आणि ३० सप्टेंबर २००१ ला कानपूरला जाताना ते स्वतः बसलेलं छोटं विमान खराब हवेत मैनपुरीजवळ कोसळलं, आठही जण गेले. त्या संध्याकाळी ग्वाल्हेरच्या महाराजबाड्याच्या चौकात माणसं नुसती उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तू तेव्हा रांगत होतीस. मैनपुरीला डोंगर नाहीत गं, सपाट शेतं आहेत.

दिवाळीला कधी येतेस हे आम्ही विचारणार नाही. भाऊबीज नंतरही करता येते, हे आजीलाही सांगून ठेवलंय आणि दादालाही. तुमच्या धावपट्टीवरचा सकाळचा आणि दुपारचा वारा, आणि दरी किती वाजता ढगाने भरली ते महिनाभर वहीत टिपून पाठव. तक्ता मी करून देतो.

तुझा,
बाबा