वरच्या दुधाविषयी

शहादा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाळाला डब्याचे दूध दिल्याचे परवा फोनवर कळताच आई एकदम गप्प झाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सिझेरियनमुळे पान्हा फुटायला उशीर लागला. पहिल्या दिवशी चीक आला तो जेमतेम चमचाभर, पण त्या दिवशी बाळाच्या पोटाला एका वेळी तेवढाच पुरतो, असे डॉक्टरांनी सांगितले आणि घुटी व मध या दोन्हींना स्पष्ट मनाई केली. (मधावरून आजी रागावेल, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, हे मी तिला समक्ष समजावीन.) सुरुवातीला बहुतेक बाळांचे वजन थोडे उतरतेच. आपले बाळ मात्र 2900 ग्रॅमवरून तिसऱ्या दिवशी 2610 वर आले, म्हणजे तब्बल दहा टक्के. लघवीही कमी झाली आणि अंगावर घेतले की ते दोन घोटांत झोपी जाऊ लागले. तेव्हा दर वेळी आधी अंगावर पाजावे आणि मगच वाटी-चमच्याने मोजून 15 मिलिलिटर वरचे दूध द्यावे, असे ठरले. बाटली आणलीच नाही. दूध जितके ओढले जाते तितके नवे तयार होते, म्हणून बाळ झोपल्यावर तुमची सून हाताने दूध काढत बसे, रात्रीसुद्धा, टाके दुखत असताना. बाबा, तुमच्या केळीच्या वजनकाट्याच्या वहीसारखी मीही एक वही ठेवली: किती वेळा पाजले, किती लंगोट ओले झाले. पाचव्या दिवशी पान्हा फुटला, सातव्या दिवशी डबा बंद झाला आणि बाराव्या दिवशी वजन 2930 भरले. आता सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही.

आई, बारशाला येताना डिंकाचे लाडू अवश्य आण. फक्त "दूध पुरतं का गं?" असे तिला विचारू नकोस. त्या तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकीने तेच विचारले आणि सगळ्या गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडली. विचारायचेच असेल तर मला विचार, वही माझ्याकडेच आहे.

तुमचा मुलगा