सरावातील ठोसे आणि लढतीचा निकाल

महोदय,

व्यावसायिक मुष्टियुद्धाची मोठी लढत जवळ आली की सराव शिबिरातून बातम्या झिरपू लागतात आणि अमक्याने जोडीदाराला लोळवले, तमका स्वतःच कोसळला, एवढ्यावरून निकालाची भाकिते केली जातात. हे अन्यायाचे आहे. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या सराव लढतीत, हातमोजे अधिक जड असतात, डोक्यावर संरक्षक कवच असते आणि एखादा डाव पारखून पाहण्यासाठी अनुभवी खेळाडू मुद्दाम मार खातो. मुहम्मद अली सरावात रिंगणाभोवतीच्या दोरांना टेकून जोडीदारांचे ठोसे झेलत असे आणि १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला त्याने आठव्या फेरीत गारद केले, ते असेच दोरांचा आधार घेऊन.

तरीही सरावाकडे पूर्ण दुर्लक्ष करावे, असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी १९९० मधील टोकियोच्या लढतीआधी माजी विश्वविजेता ग्रेग पेज याने सरावात माइक टायसनला खाली पाडले होते; तोवर अपराजित असलेला टायसन पुढे बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत नॉकआउट झाला. सरावातील त्या ठोशाने पराभव ठरला नव्हता, पण तयारीतील ढिलाई मात्र दिसली होती.

म्हणून वृत्तपत्रांनी सरावाच्या बातम्या देताना जोडीदार कोण होता, किती फेऱ्या झाल्या, हेही अवश्य छापावे. सरावात डोक्यावर बसलेले ठोसे खेळाडूच्या कारकिर्दीच्या कोणत्याही नोंदीत येत नाहीत, मेंदूला मात्र ते सोसावे लागतात. त्यांची चर्चा कोणी करत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

– एक वाचक, नाशिक