तिथीची पाऊणपट

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील, असं धरून लिहितेय. श्रावण लागला, सासूबाईंनी मासे कापायची विळी घासूनपुसून माळ्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून जिन्यातली तुमची हाक बंद झाली. एरवी तोंडावरच आभार मानले असते, पण तुम्ही ते घेतले नसते. मागे एकदा मी 'थँक्यू मावशी' म्हणाले, तर "थँक्यूनं पाटी हलकी होत नाय, आनखी दोन पापलेट घे" म्हणून मोकळ्या झालात. आता मी तुम्हाला 'तुम्ही-तुम्ही' करतेय त्यालाही हसाल. भाव करताना आपण दोघी कुठल्या भाषेत बोलतो, ते आमच्या मजल्यावरच्या सहाही बिऱ्हाडांना ठाऊक आहे.

मे महिन्यातला तो दिवस तुमच्या लक्षात नसेल. आमची काश्मीरची सहल आदल्या रात्री रद्द झाली होती. ज्यांच्याकडे पैसे भरले होते ते फोन उचलत नव्हते. थोरली पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि धाकटा नवी कानटोपी घालून घामाघूम होऊन घरभर फिरत होता. काढायलाच तयार नव्हता. तुम्ही उंबऱ्याशी बसून बोंबील साफ करत होता. मी रडगाणं गायले. तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "अगो बाय, दर्या दारान हाय न् तू काश्मीराला निंगालीस?"

मला रागच आला होता, खरं सांगते. प्रभादेवीत राहून समुद्राचं काय कौतुक? चौपाटीवर जाऊन भेळ खायची, वाळूत किल्ला करायचा, परत यायचं. पोरांना त्याचा कंटाळा आला होता आणि मलाही. तुम्ही विचारलंत, "पानी कवा भरतं, कवा सुकतं, ठाव हाय का?" नव्हतं. पंधरा वर्षं समुद्रापासून दहा मिनिटांवर राहतेय आणि पाणी कधी येतं-जातं ते मला सांगता येईना. मग तुम्ही माशाचे हात पदराला न लावता, बोटांच्या पेरांवर हिशेब सांगितलात. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, दुपारी आणि रात्रीही, आणि त्या दिवसांत उधाण म्हणून पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिच्यात दम नसतो.

भिंतीकडे तोंड करून पडलेली थोरली उठून बसली. तिनं कालनिर्णय काढलं आणि तारखेखालची तिथी वाचायला लागली. त्या कॅलेंडरचा आमच्या घरात दूधवाल्याचे खाडे आणि गॅस कधी लावला ते लिहायला उपयोग होत होता.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला वरळी कोळीवाड्याच्या मागच्या खडकांवर बोलावलंत. प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता, ओहोटी पावणेसातला. ते गणित पोरीनं स्वतः केलं होतं, म्हणून साडेपाचला हाक न मारता उठली. शाळेसाठी सातला उठवताना मला काय करावं लागतं, ते सांगत नाही. आम्ही पोचलो तेव्हा बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते, त्या वासानं आमच्या ह्यांनी रुमाल काढला आणि तुमच्या नजरेला नजर मिळताच परत खिशात घातला.

त्या सकाळचं मी काय काय सांगू? सी-लिंकच्या खाली, रोज बसच्या खिडकीतून नुसता काळा दगड दिसतो तिथं, एवढी वस्ती असेल असं मला वाटलंच नव्हतं. कातळावर हिरवट-तपकिरी मऊ बटणं शिवल्यासारखा गालिचा. त्याला हात लावू नका म्हणालात, तो दगड नाही, जित्राब आहे. थाळीएवढ्या डबक्यात फुलासारखा उघडलेला समुद्रफुलाचा प्राणी, सावली पडली तसा मिटला. धाकट्यानं एक शंख उचलला आणि त्यातून पाय बाहेर आले, तेव्हा त्यानं मारलेली किंकाळी पार किल्ल्यापर्यंत गेली असेल. शंख त्या खेकड्याचा नसतो, दुसऱ्याचं रिकामं घर तो पाठीवर घेऊन हिंडतो, आणि वाढला की त्याहून मोठं शोधतो, हे तुम्ही सांगितलंत. "आपल्यासारकाच, भाड्याच्या खोलीत," असंही पुढे जोडलंत. धाकटा घरी आल्यापासून त्याला 'भाडेकरू' म्हणतो.

तुमचे नियम मात्र कडक होते. सपाता नकोत, खाच असलेल्या रबरी चपला हव्यात. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण खाली कुणाचा तरी संसार आहे. काही घरी न्यायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, तो उद्या कुणाला तरी लागणार. आणि दर्याकडे कधी पाठ करायची नाही. पाणी वळलं की तुम्ही हाक माराल, तेव्हा कितीही मजा येत असली तरी निघायचं. पाऊस लागला की खडकावर पाऊल टाकायचं नाही, हेही तेव्हाच बजावलंत. चपलेचा नियम आमच्या धाकट्यानं मोडला. मऊ वाटतं म्हणून चप्पल काढली आणि कालवाच्या धारेनं तळवा कापला. मी घाबरले, तुम्ही नाही. घरी नेऊन पाय स्वच्छ धुतलात, हळद दाबलीत आणि त्याला बशीत चहा दिलात. आमच्या घरी त्याला चहा मिळत नाही, त्यामुळे तो कापलेला पाय त्याच्या मते त्या सकाळचा सर्वांत मोठा फायदा होता.

पण आभार मानायचं मुख्य कारण खडकावरचं नाही, घरातलं आहे.

त्या दिवशी परत आल्यावर थोरली तुमचा हिशेब आजीला समजावून सांगायला बसली. कागदावर तिथी लिही, तीननं गुण, चारनं भाग. सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. दोन मिनिटांनी न राहवून म्हणाल्या, "गुणाकार कशाला? पाऊणकी म्हण ना. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचं माहेर कोकणात, खाडीकाठचं. हिशेब त्यांना लहानपणापासून पाठ. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "त्यात बोलायचं काय? आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं."

मावशी, माझ्या सासूबाई घुम्या आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बोंबील ताजे आहेत का एवढं विचारतात आणि आत जातात. त्या दिवशी त्या जेवणं होईपर्यंत बोलत होत्या. शाळेत जायला तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडावी लागायची. पाणी नसलं की होडी चिखलात बसायची, म्हणून शाळेला कधी लवकर जावं लागे, कधी उशिरा, आणि मास्तर उशिराचं कारण विचारताना आधी तिथी विचारत. ओहोटीला आईबरोबर चिखलात खुबे-शिंपल्या वेचायला जायच्या, पाय रुतला की ओढून काढताना 'फसक' आवाज यायचा. तो आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला. आमचे हे आईचे थोरले चिरंजीव, वय वर्षे त्रेचाळीस. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून आमच्या दीड खोलीत खाडी आहे. बाहेरच्या खोलीतला पलंग म्हणजे होडी, स्वयंपाकघर म्हणजे पैलतीर, मधली लादी म्हणजे पाणी. कालनिर्णयाप्रमाणे भरती असली तरच होडी सुटते. ओहोटी असली की लादीवर पाट टाकून, पाटावरून पाटावर उड्या मारत जायचं. खाली पाय लागला की रुतलात. धाकटा एकदा पानं वाढून झाली तरी येईना. विचारलं तर म्हणाला, भरती लागायला वीस मिनिटं आहेत. मी भडकले होते. सासूबाईंनी त्याचं ताट पाटापाटांवरून पलंगापर्यंत नेलं. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईनं. मी काही बोलले नाही.

आणि जुलैतली गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. त्या दिवशी सकाळपासून धो-धो पाऊस, वर साडेचार मीटरच्या पुढची भरती असल्याचा इशारा. पोरीनं तिथी बघून परळच्या ऑफिसात बाबांना फोन केला: "भरती पाऊण वाजता आहे. समुद्र वर असला की गटारांचं पाणी जायला जागा नसते. चारच्या आधी निघू नका." ह्यांनी हसून फोन ठेवला, दोनला निघाले आणि हिंदमातापाशी गुडघाभर पाण्यातून चालत आले. त्यांचा टेबलाशेजारचा माणूस चारला निघून कोरड्या बुटांनी घरी गेला. पावसानंही मधे उघडीप दिली होती, हे खरं. पण पोरीनं ते हिशेबात धरलं नाही. आता तिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात पावसाळी दिवशी कुणी बाहेर पडत नाही.

तुमच्या त्या पाऊणपटीनं शिवडीचं कोडंही सुटलं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आम्ही चौघं नटूनथटून धक्क्यावर गेलो होतो आणि नुसतं पाणी बघून परतलो. पक्षी गेले कुठे म्हणून मी तिथल्या एका वॉचमनवर खेकसलेही होते. बिचारा. आम्ही ऐन भरतीला गेलो होतो. चिखल उघडा पडला तरच ते चरायला उतरतात. मेच्या शेवटी पाणी उतरताना गेलो, तर अटल सेतूच्या बाजूला गुलाबी रांग उभी, माना खाली घालून. पक्षी परतायच्या बेतात होते, थोडेच उरले होते. सासूबाईंनी बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "खुबे वेचतायत."

ह्यांनाही चेव आला होता. चंद्राचं तुम्ही सांगितलंत, सूर्याचं मी सांगतो म्हणाले. १५ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि पाण्याची बाटली उभी केली. सूर्य बरोब्बर डोक्यावर, बाटलीला सावलीच नाही. मुंबईत असं वर्षातून दोनदाच होतं म्हणे, दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी. पण तेव्हा ढगांमुळे बघायला मिळत नाही. पाच मिनिटांची गंमत. तळपाय भाजले ते वेगळं.

काश्मीरचे पैसे अजून पूर्ण परत आलेले नाहीत. अर्धे आलेत. आधी रोज रात्री त्यावरून आमची वादावादी व्हायची, हल्ली आठवड्यातून एकदा होते.

मावशी, तुम्ही त्या दिवशी पाटी उचलून पुढच्या मजल्यावर गेला असतात तर तुमचं काही बिघडलं नसतं. उलट माझ्या दारात अर्धा तास मोडलात, बर्फ वितळत होता, आणि वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकानं त्या दिवशी दुसरीकडून मासे घेतले, हे मला मागाहून कळलं. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. रविवारची सकाळ मोडून आमच्याबरोबर खडकांवर फिरलात, त्याचे पैसे विचारले तेव्हा तर चक्क रागावलात. मनापासून आभार. हे घ्या, दोन पापलेट घेतल्याशिवाय मानलेत.

एक विचारायचं होतं. नारळी पौर्णिमेला सासूबाईंनी नारळ सोडायला म्हणून चौपाटीपर्यंत चालत यायचा हट्ट धरला. कित्येक वर्षांनी पाण्यात पाय घातले. परत येताना म्हणाल्या, ही वाळू ठीक आहे, पण मला त्या कोळणीचे खडक बघायचेत. आता गणपती, मग नवरात्र. तोवर पाऊसही जाईल. थोरलीनं कोजागरीनंतरची द्वितीया काढून ठेवली आहे: भरती दीडला, ओहोटी साडेसातला, म्हणजे चांगलं उजाडलेलं असेल. त्यांच्या गुडघ्यांना झेपेल असा, फार शेवाळ नसलेला एखादा सपाट खडक तुमच्या बाजूला आहे का? एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं तुम्ही धरायला हवं. चपला खाचेच्या घेतल्या आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची, भाव करणारी