हाडाच्या दवाखान्यात खरं बोलावं का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनाच्या फेरीचा फोटो तुमच्या अंकात पाहिला. कॉलेजच्या मुलांनी छातीवर लाल फिती लावल्या होत्या. मी सरकारी नोकरीत परिचारिका होते, बरीच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. अशा फेऱ्यांत मीही पुष्कळ चालले आहे, म्हणून मुलांना नावं ठेवत नाही. पण फेरीच्या बाहेरचं एक सांगायचं आहे.

सांगलीतल्या वस्तीत धंदा करणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे, पन्नाशीकडे झुकलेली. मला अक्का म्हणते. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्या चालू होऊन तिला दहा वर्षं होऊन गेली, तारीख कधी चुकवली नाही. व्हायरल लोडच्या कागदावर 'टीएनडी' आलं, म्हणजे रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नाही, की भडंगाची पुडी घेऊन घरी येते. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी निरोधाशिवाय नाही, हे ती नव्या पोरींना मराठीत आणि कानडीत दोन्हींत ऐकवते. तिच्यात हे बळ कुठून आलं ते सांगलीकरांना ठाऊक असायला हवं. याच गावात १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने या बायकांना हाताशी धरून काम सुरू केलं आणि त्यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली.

गेल्या श्रावणात ती ओल्या जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. एका खासगी दवाखान्यात एक्स-रे झाला, प्लेट घालायची ठरली, सकाळचं ऑपरेशन. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" तिने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून दाखवली. अर्ध्या तासात फाइलवर लाल पेनाने ठळक शेरा पडला आणि फाइल काउंटरवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दुपारी "मशीन बिघडलंय", संध्याकाळी डिस्चार्ज. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांच्या संरक्षक 'किट'चे म्हणून एवढे जादा पैसे सांगितले की ती तशीच परत फिरली. सहाव्या दिवशी तिसरीकडे ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी बाटली बघितली आणि विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?" बस्स, एवढंच. मिरज-सांगलीला दवाखान्यांची गावं म्हणतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून माणसं इथे हात-पाय नीट करून घ्यायला येतात, आणि गावातल्या बाईचा हात सहा दिवस गळ्यात.

त्या लाल पेनाबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू? नव्वदच्या दशकात मीच तो पेन चालवला आहे. एका बाळंतिणीच्या केस पेपरवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाटेला वेगळी खूण लावली आणि दोन-दोन हातमोजे चढवले. तिच्या सासूने कुणाकडून तरी ते वाचून घेतलं. टाके काढायला ती आमच्याकडे परत आली नाही. कुठे गेली, माहीत नाही.

भीती मला कळते. मलाही एकदा सुई टोचली होती. लागण होऊ नये म्हणून २८ दिवस गोळ्या घेतल्या, रोज मळमळ, पण निभावलं. ही औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू करायची असतात. आणि खबरदारी म्हणाल तर ती प्रत्येक पेशंटला तीच. ज्याला स्वतःलाच लागण ठाऊक नाही, तो माणूस टेबलावर येतो तेव्हा फाइल कोरीच असते. नियमित गोळ्या घेऊन टीएनडी असलेल्या बाईपेक्षा धोका तिथे जास्त.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, रीतसर संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दवाखान्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आमच्या बाईच्या वेळी मी पहिल्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव विचारलं. मुलीने मला पार्किंगच्या तक्रारींची वही दिली. हसावं की रडावं!

याचा परिणाम काय झाला तो बघा. गल्लीत सगळ्यांना कळलं की खरं सांगितलं म्हणून ही परत आली. आता एकीने बाटलीचं लेबल खरवडून काढलंय. दुसरीने गोळ्या मुखवासाच्या डबीत भरल्यात आणि खुळखुळू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा. दवाखान्यात गेलं तर "गोळ्या कसल्याच नाहीत" म्हणायचं, असं ठरलंय. हाड मोडलं की डॉक्टर कॅल्शियम लिहितात. हल्लीच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर असतं. उपाशीपोटी ते कॅल्शियमबरोबर गेलं तर अंगी नीट लागत नाही. ते कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा नंतर सहा तासांनी घ्यावं लागतं, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. डॉक्टरला हे कुणी सांगायचं, मुखवासाच्या डबीने? दहा वर्षं जपलेलं टीएनडी अशाने जायचं.

दोन्ही शहरांतल्या डॉक्टरांच्या संघटनांना माझी विनंती आहे, दवाखान्याच्या दर्शनी भागात तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लावा. दरपत्रक लावता तसं, त्याच भिंतीवर.

प्लेट नीट बसली आहे, तिला पोळ्या लाटता येतात. पण आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितलाय. डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म ती परवा माझ्याकडे घेऊन आली होती. 'चालू औषधे' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "अक्का, इथं काय लिहू?" तो फॉर्म अजून माझ्या टेबलावरच आहे.

एक निवृत्त परिचारिका, विश्रामबाग, सांगली
(माझ्या नावावरून ती ओळखू येईल, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)