बापू, साखळी पुन्हा समोर आली

तळोदा,
पोळ्याचा दुसरा दिवस, पहाट

प्रिय बापू,

आधी शिव्या देऊन घे. तुझ्या फ्लॅटच्या वास्तूला आलो नाही, फोनवर नुसतं "बघतो, करतो" केलं आणि मग लाजेपायी फोनही बंद केला. आठ महिने झाले. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आणि माझी शुगर आपापल्या जागी आहेत.

काल रात्रीचं तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "निघाली ना गाडी? मग झोपा." तिचं बरोबरच आहे. तिला अनेर माहीत नाही, 2006 साली त्या नदीच्या रेतीत रुतलेल्या गाडीला लावलेली साखळी माहीत नाही.

पोळ्याची रात्र म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी, तुला माहीत आहे. माणसं प्रेमानं बैलाला टोपलंभर पुरणपोळ्या चारतात आणि रात्री अकराला आम्हाला फोन करतात. काल कोठारच्या अलीकडून फोन आला, बैल फुगून आडवा झालेला. गेलो, ट्रोकार म्हणजे ती जाड पोकळ सुई पोटात घातली, गॅस काढला, सोडा पाजला. तासाभरात बैल मान उचलून बघायला लागला. परत येताना शेतातल्या वाटेवर, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मध्ये संध्याकाळच्या पावसानं लोणी झालेली काळी माती, तिथे गाडी बसली. फोर बाय फोर लावून, लो गिअर टाकूनही चारही चाकं जागच्या जागी फिरत होती. टायरच्या खाचा मातीनं अशा बुजल्या होत्या की चाकं सारवल्यासारखी गुळगुळीत दिसत होती.

बैलवाल्याच्या भावानं ट्रॅक्टर आणला. हेडलाइटच्या उजेडात मागून काहीतरी ओढत आणलं आणि माझ्या पायाशी टाकलं. साखळी रे. तशीच, टोकाला हूक असलेली. "डॉक्टर, तू बंपरला अडकव, मी ओढतो," म्हणाला.

बापू, माझे हात थरथरायला लागले. शुगर कमी झाली असेल म्हणून त्याच्या आईनं गूळ आणून दिला. काय सांगणार तिला?

टॉर्च घेऊन बंपरखाली आडवा झालो. हा बंपर गाडीच्या आधीच्या मालकानं कुठून तरी बनवून घेतलेला. पुढून बघशील तर रणगाडा. मागून बघितलं तर दोन बोल्ट, तेही चेसीत नाहीत, वळवलेल्या पत्र्यात. एका बोल्टभोवतीचा पत्रा आधीच फाटून त्याची कड वर आलेली, बोट लावलं तर हलत होती. दोन महिने मी हा बंपर काळा रंगवून त्यावर दिवे कुठे बसवायचे याची चित्रं काढत होतो.

साखळी नको म्हटलं. मग तुझं ऐकलं, एकोणीस वर्षं उशिरा. किल्लीच्या टोकानं व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांची हवा काढली. गेज नव्हता. टायरची बगल जरा फुगून खाली टेकल्यासारखी दिसेपर्यंत काढत राहिलो, साधारण 18 ते 20 पीएसआयवर आली असावी. तो भाऊ पोटावर हात ठेवून हसत होता, "डॉक्टर, बैलाची काढली, आता गाडीची पण काढतो का?" मग रिव्हर्स टाकला, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, आलो त्याच चाकोरीतून गाडी मागे मागे सरकत निघाली. ट्रॅक्टर नुसता उभा होता.

आता पुढचं ऐक आणि हस. हवेचा पंप जवळ नाही. पोळा म्हणून पंक्चरवाला बंद. तळोद्यापर्यंत वीसच्या वेगानं, कडेकडेनं, बसक्या चाकांवर आलो. दोन कुत्री सोबतीला पळत होती, तीही कंटाळून थांबली.

बापू, एक गोष्ट लिहूनच टाकतो. अनेरच्या रेतीत तू "लाव" म्हणाला नव्हतास. तू हवा काढ म्हणत होतास आणि मला परीक्षेला जायची घाई होती. साखळी मी लावली, बंपरला, माझ्याच मनानं. 2006 पासून आजपर्यंत जिथे जिथे हा विषय निघाला तिथे मी "बापूनं सांगितलं म्हणून" असंच बोललो. तुझ्या लग्नातसुद्धा. तू कानामागच्या टाक्यांवर हात फिरवत गप्प बसलास. आप्पांना आपण काच दगडानं फुटली सांगितलं आणि ते तसं मानूनच गेले. की मानलं नव्हतं? मला नेहमी वाटतं की मानलं नव्हतं.

असो. आता खरी अडचण. तुझ्या वहिनीनं 35 हजार मंजूर केलेत, गच्चीच्या गळतीतून वाचवून, आणि ते कशावर आधी घालायचे यावर घरात दोन महिने संसद भरली आहे. गाडी तुला फोटोत दिसली असेल, 2016 ची थार, जुन्या चेहऱ्याची, अडीच लिटरची. रोजचे साठ-सत्तर किलोमीटर, त्यातलं बहुतेक डांबर आणि चांदसैली घाट, राहिलेलं शेत आणि पाडे. डांबराचा हा हिशोब कुणी लक्षातच घेत नाही.

पिंटूला मोठे टायर हवेत. सध्याचे 235/70 आर 16, तो म्हणतो 245/75 टाकू, चिखलाचे. मी रात्री वहीवर गणित मांडलं. टायरचा व्यास 735 मिलिमीटरवरून 774 वर जातो. पण गाडी उचलली जाते व्यासाच्या निम्म्यानं, म्हणजे 19 मिलिमीटर. पाऊण इंच! त्यासाठी पाच टक्के वेग चुकीचा दिसणार, काट्यावर 60 असताना खरे 63, घाटात एक गिअर खाली येणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतली कड घासणार. त्यात चिखलाचे टायर ओल्या डांबरावर मोठ्या गोट्यांवर चालल्यासारखे चालतात, ब्रेक लांब लागतो. पावसाळ्यात घाट उतरताना मला ते नको. आहे त्याच मापाचे, ऑल टेरेन म्हणजे डांबर-माती दोन्हीला चालणारे, दिवाळीनंतर. आत्ताचे अजून अर्धे शिल्लक आहेत.

मिस्त्रीला गाडी उंच करायची आहे. पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे दांडे, चार आटे पिळायचे, मागे कमानीत एक पाटा वाढवायचा, "दोन इंच फुकटात." फुकट कसलं? पुढचे एक्सल वाकड्या कोनात फिरायला लागले की रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि माती आत, की सांध्याची कटकट सुरू. आणि मागचा पाटा वाढवला तर माझ्या नायट्रोजनच्या कॅनचं काय? आत्ताच रिकाम्या गाडीत तो टणटण उड्या मारतो. त्यात बैलांच्या वीर्याच्या कांड्या असतात बापू, तिथे खर्चाची थट्टा नाही. तळाला चार कड्या चेसीत बोल्टनं बसवून पट्ट्यांनी आवळणार आहे. याला मॉडिफिकेशन म्हणायला पिंटूला लाज वाटते.

शिवाय आई. गेल्या महिन्यात तिला शहाद्याला न्यायचं होतं. एक पाय वर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि म्हणाली, "हाई गाडी शे का माळा?" अजून दोन इंच वर नेली तर तिला डोलीतच न्यावी लागेल. पायदान मात्र हवं, ते यादीत घे.

दिव्यांवर मीच अडलो होतो. श्रावणात चांदसैलीला धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि पांढरा एलईडी त्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. पिवळे, खाली बसवलेले दोन पुरेत. पण आधीच्या मालकानं ओढलेल्या वायरी बघितल्या, जोड सगळे नुसत्या टेपवर, ना फ्यूज ना रिले. ते आधी उपटून काढणं आलं. दिवे नंतर.

आणि बुलबार (पुढचा लोखंडी कठडा), स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) वगैरे पिंटूची स्वप्नं. बुलबार केंद्रानं 2017 च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवला. पिंटू म्हणतो आपल्या गाडीत एअरबॅगच नाहीत, मग बिघडतं काय? समोरून येणाऱ्या माणसाचं बिघडतं, गाढवा. आरसी बुकात लिहिलंय त्याहून गाडी वेगळी करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत सांगितलंय. आणि विमावाले पैसे द्यायची वेळ आली की हे असलंच शोधत असतात. स्नॉर्केल लावून मी काय तापीत उतरणार आहे? पाण्यात आधी काठीनं खोली बघायची, हे आप्पांनी शिकवलंय तेवढं पुरे.

तर माझी यादी अशी निघते की पहिला फेरबदल म्हणजे तो बंपर काढून भंगारात घालणं. मग पुढे दोन आणि मागे एक हूक, थेट चेसीला, चांगल्या बोल्टांनी, वेल्डिंग नाही. रबरासारखा ताणला जाणारा दोर, तो अडकवायची कडी म्हणजे शॅकल, आणि दोरावर टाकायला जाड गोधडी, तुटला तर उडू नये म्हणून. बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप, गेज. सगळं झाकलेलं, बाहेरून दिसणारं काही नाही. पिंटू म्हणतो, "काका, 35 हजार घालून गाडी आधीपेक्षा साधी दिसणार?" हो.

इथेच तू हवास. ताणल्या जाणाऱ्या दोरात साखळीपेक्षा जास्त जोर साठतो, म्हणजे हूक कच्चा असला तर आपण 2006 पेक्षा मोठं संकट विकत घेतोय. त्यामुळे मी चेसीला कुठे छिद्र पाडायचं यावर मिस्त्रीचा विश्वास ठेवायला तयार नाही आणि माझाही नाही. तू चेसीवरच पोट भरतोस. खालून काढलेले फोटो वेगळे पाठवतो. लाल खडूनं खुणा करून दे.

सायलीच्या दहावीचं कळलं, फार आनंद झाला, तिला माझ्याकडून पेन. तुझी बदली होतेय म्हणे? वहिनींना नमस्कार, वास्तूचं माफ करा म्हणावं. भरीत खायला हिवाळ्यात या सगळे, वांगी मी बामणोदची मागवतो.

एक विचारायचं राहिलं. आप्पांच्या गोठ्यात आडव्या तुळईला ती साखळी टांगलेली होती. अजून आहे का? असली तर राहू दे, पण पोरांच्या हाताला लागेल अशी नको.

तुझा,
नाना

ता. क. आत्ताच फोन आला. बैल उठलाय, सुका कडबा चघळतोय. पोळी आठवडाभर दाखवायची नाही असं बजावलंय.